पॅक वाळेपर्यंत बोलायचं नाही

वर. वर. मग कानाकडे बाहेर.

फेशियलचा हात नेहमी खालून वर जातो. खाली ओढला की कातडी लोंबते. हे मला निलमताईंनी शिकवलं, आणि आत्ता माझ्या हाताखाली जो चेहरा आहे तो निलमताईंचाच.

थांबा. आधीपासून सांगते.

जवळा बाजार. बाजाराचा दिवस. बसस्टँडच्या मागं माझं पार्लर : एक खुर्ची, एक आरसा, एक पडदा. निलमताई कळमनुरीहून आल्या. त्यांच्याकडेच मी काम शिकले. आता त्या हिंगोलीत मोठा क्लास काढताहेत, रविवारी उद्घाटन आहे.

"सपना, तू स्टेजवर बसायचं. मी पोरींना म्हणते, बघा, हा माझ्या हातचा चेहरा."

मी तोंडावरच्या कापडी मास्कच्या आत हसले. मास्क काढला नाही.

मास्कखाली काय आहे ते आत्ताच सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. भाजल्यासारखे लाल गाल. कातडीखालून दिसणाऱ्या बारीक शिरा. हनुवटीवर लव, तिच्यात पू धरलेले फोड. नांदेडच्या स्किनच्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "स्टेरॉइडची क्रीम किती दिवस लावत होतीस? दिली कोणी?"

"न्हाई आठवत," मी म्हणाले.

आठवत होतं. पांढरी डबी, वर नाव नाही, गुलाबाचा वास. "ही फक्त तुझ्यासाठी. कुणाला बोलू नको. मी पण रोज रात्री हीच लावते."

मी पण रोज रात्री हीच लावते. या एका वाक्याला मी धरून आहे. त्या स्वतः लावत असतील तर त्यांनाही कुणीतरी फसवलंय. मग आम्ही दोघी एकाच बाजूला. आणि लावत नसतील तर...

म्हणून म्हणाले, "ताई, आल्याच आहात तर झोपा खुर्चीवर. माझ्या हातचं फेशियल घेऊन जा."

"खुर्ची चांगली घेतलीस गं. माझी तर नुसती करकर करून राहिली."

—

प्रश्न : त्वचेचे थर किती?
उत्तर : तीन, मॅडम. वरची, आतली, आणि त्याखाली चरबी.
प्रश्न : वरची कशासाठी?
उत्तर : बाहेरचं बाहेर ठेवायला.

असे प्रश्न ताई भुवया कोरता कोरता विचारायच्या, दातांत दोरा धरून. उत्तर चुकलं की दोरा तसाच धरून गुरगुरायच्या. मांजरीसारख्या. आम्ही पोरी हसायचो.

—

पहिला दिवस. हा मधेच सांगावा लागेल.

माझ्या हाताखाली झोपायला एकही बाई तयार नव्हती. एकीनं आडनाव विचारलं आणि हेडबँड काढून उठली. ताईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या स्वतः खुर्चीत आडव्या झाल्या. "माझ्यावर कर. थरथरू दे हात. मी काय काचेची हाय?"

माझ्या आयुष्यातला पहिला चेहरा त्यांनी दिला. तो मी विसरणं शक्य नाही. डाव्या डोळ्याखाली वांगाचा डाग होता, चिंचोक्याएवढा, तपकिरी, एका बाजूला शेपटी. त्या दिवसानंतर फाउंडेशनशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र माझा चेहरा दाखवायच्या. हनुवटीला बोट लावून मला उजेडाकडे वळवायच्या. "बघा आमची सपना. आपल्याच फेशियलनं झाली." मला अभिमान वाटायचा. घरी आईला सांगायची, मॅडम मला लेकीसारखं करतात.

—

क्लिन्झिंग मिल्क. ओला कापूस. फाउंडेशन निघालं.

आणि चिंचोका.

तिथंच. तेवढाच. शेपटीसकट.

त्या क्रीमनं पहिली गोष्ट काय होते, तर डाग जातो. माझ्या नाकावरचा बघता बघता गेला होता. मग कातडी गोरी होते, मग पातळ. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, डॉक्टरबाई म्हणाल्या. ताईंचा गाल मी चिमटीत धरून सोडला. भरदार होता, लगेच जागेवर आला.

"हात काहून थांबला गं?"

"काही न्हाई. ब्लॅकहेड हाय."

"गार हायेत तुझे हात. एखादी नवरी असती तर पळून गेली असती."

वर. वर. कानाकडे बाहेर. बोटं आपोआप चालत होती आणि मी आतल्या आत ताईंची वकिली करत होते. वांग परत येतो. उन्हानं येतो, वयानं येतो. त्यांनी क्रीम कधीच सोडली असेल. सोडल्यावर कातडी भरूनही येते म्हणे. विसरल्या असतील. असेल. असतील. मी जे काही शिकले होते ते सगळं त्यांच्या बाजूनं उभं केलं.

पॅक लावला. डोळ्यांवर गुलाबपाण्याचा कापूस.

"आता बोलायचं न्हाई, ताई. तडा जाईल."

बाहेर कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. पॅक कडेनं पांढरा पडायला लागला.

"ती क्रीम अजून लावता का, ताई?"

"हूं."

"रोज?"

"हूं."

ओठाच्या कोपऱ्यातून एक बारीक चीर गालापर्यंत गेली.

—

पॅक पुसला. डोळ्यांवरचा कापूस राहू दिला. ड्रॉवरमधून डबी काढली. तळाला बोटभर क्रीम होती, डॉक्टरबाईंना दाखवायला ठेवलेली. झाकण उघडलं, तोच गुलाबाचा वास. लावणार नव्हते. कुणाच्याच चेहऱ्याला मी ती आता लावणार नाही. नुसतं बोट गालाजवळ नेलं.

"शेवटची क्रीम लावते, ताई."

डोळे झाकलेले होते. तरी त्यांनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"ती नको."

"कोणती, ताई?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"मी तर नावच घेतलं न्हाई."

"मला सोसत न्हाई ती," ताई म्हणाल्या. हात सोडला नाही.

—

प्रश्न : नवी वस्तू आधी कुणावर लावून बघायची?
उत्तर : स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, मॅडम.

प्रश्न : नवी वस्तू आधी कुणावर लावून बघायची?
उत्तर : सपनावर, मॅडम.

—

ताई उठून बसल्या. मी मास्क काढला.

त्यांनी बघितलं. बराच वेळ. मग सवयीनं माझ्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला. मला वाटलं, आता रडतील. निदान देवाचं नाव तरी घेतील. अजूनही मला तसं वाटत होतं, हेच मला सहन होत नाही.

"मधेच बंद काहून केलीस?" त्या म्हणाल्या. "चालू ठेवली असती तर असं झालं नसतं."

मी डबीचं झाकण लावलं.

"असू दे. रविवारी बेस जाड लावू. लांबून कुणाला दिसून राहिलं?"

त्या परत आडव्या झाल्या, फेशियल पुरं करून घ्यायला. मी साधं मॉइश्चरायझर घेतलं, वर सनस्क्रीन. बाहेर ऊन होतं आणि ताईंच्या कातडीनं माझं काही बिघडवलं नव्हतं.

वर. वर.

"येशील ना गं?"

"येते, ताई."

कानाकडे बाहेर.

"चेहरा धुऊन येते. बेस न्हाई लावायचा. विचारतील पोरी, सांगीन कुणाच्या हातचा."

माझ्या तळव्याखाली त्यांचा गाल कडक झाला. चिंचोक्याच्या शेपटीपासून जबड्यापर्यंत, सगळा. आता तोंडावर पॅक नव्हता. तरी ताई बोलल्या नाहीत.