पैलवानाचं हिमोग्लोबिन

होस्टेलच्या मुलींनी तिचं नाव काडीपैलवान ठेवलं होतं, आणि पुढं वेळ वाचावा म्हणून त्याचं नुसतं पैलवान केलं. पैलवान वैद्यकीय तंत्रज्ञाच्या कोर्सला दुसऱ्या वर्षात होती. रक्त काढायचं, तपासायचं, आकडा लिहायचा, हे शिकायला ती घरापासून सात तासांवर येऊन राहिली होती. आणि त्या दिवशी दुपारी तीन वाजता ती कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी होती.

अर्जावर तीन सह्या लागत. ग्रंथालयाची झाली होती, होस्टेलची झाली होती. उरली होती प्रयोगशाळेची, म्हणजे काकूंची. काकू तिथल्या मुख्य तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं नोकरी, चष्म्याला दोरी, आणि नळी फुटल्याचा आवाज तीन खोल्यांपलीकडून ओळखणारे कान. काचसामान धड परत आलं अशी त्यांची सही झाल्याशिवाय या कॉलेजातून कुणाचीही सुटका नव्हती.

बाकीच्यांनी न वाचताच सही ठोकली होती. काकूंना मात्र कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड. "सोडण्याचं कारण, हात चालत नाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे काय गं? लकवा भरलाय?"

"मला टेस्ट जमत नाही, काकू."

"कुठली?"

"हिमोग्लोबिनची."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, ती तर सगळ्यांत सोपी!"

"तेच तर," पैलवान म्हणाली.

प्रकार असा होता. या टेस्टला मुलं आपल्याच बोटाला सुई टोचतात. थेंबभर रक्त मोजून आम्लाच्या नळीत सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि ते तपकिरी झालं की शेजारच्या नमुन्याच्या काचेशी रंग जुळेपर्यंत एकेक थेंब पाणी घालायचं. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. तिच्या वयाच्या मुलीचा आकडा पुस्तकात बारा ते पंधरा दिलेला. पैलवानाचा आठ यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मॅडमनी वहीत लाल शाईनं 'पुन्हा करा' लिहिलं. पुन्हा केली, तरी आठ. चाचणी परीक्षेतही आठ, आणि तीसपैकी शून्य. अख्ख्या वर्गाचे तेरा, साडेतेरा, आणि हिचा हट्टी आठ. मॅडम काही वाईट नव्हत्या, पण साठ वह्या तपासताना कुणाच्याही नाकी नऊ येतात.

मग पैलवानानं कंबर कसली. हाताला सवय हवी म्हणून ती नाश्ता सोडून सकाळी सातला प्रयोगशाळेत येऊ लागली. दुपारचं जेवण दोन बिस्किटांवर भागवायची, उभ्याउभ्या. चहा मात्र दिवसाला पाच-सहा व्हायचे. डोळा लागला तरी स्वप्नात थेंब मोजत असायची. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती बुटाची नाडी बांधायचं सोंग करायची, कारण छाती धडधडायची आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. धडधड परीक्षेच्या धास्तीची, याबद्दल तिला शंकाच नव्हती. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं आणि आईचा फोन आला की "हो, जेवले" म्हणायचं, असे चार महिने गेले.

शेवटी तिच्या टेबलाची जोडीदारीण पुढं सरसावली. हिला सगळे बडबडी म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. "अगं वेडे, तेरापर्यंत पाणी घाल आणि मोकळी हो. आम्ही सगळे तेच करतो. रंगाकडे बघतंय कोण?"

पैलवानानं पाणी घातलं. नळीतलं रक्त कंजुषाच्या घरच्या चहासारखं फिकट झालं. तिनं तेरा लिहिलं, आणि मॅडमनी पहिल्यांदाच बरोबरची खूण केली. त्या खुणेनं पोरगी पार खचली. आपण मन लावून करतो ते चूक आणि लबाडी करतो ते बरोबर. असल्या हातावर उद्या कुणी आपलं रक्त का सोपवावं, असं तिच्या मनानं घेतलं. तीन दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. चौथ्या दिवशी उठली ती अर्ज आणायलाच.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग स्टूल पुढं ओढलं, बसल्या आणि बोट पुढं केलं. "टोच."

"काकू, नको ना."

"सही हवीय ना? मग टोच."

पैलवानानं टोचलं. हात थंडगार पडले होते, पण सवयीनं आपलं काम करत गेले. थेंब उचलला, नळीत सोडला. दहा मिनिटं दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसल्या. मग पाणी, थेंबाथेंबानं, खिडकीच्या उजेडात धरून. रंग जुळला तेव्हा आकडा होता पावणेतेरा.

काकूंनी खण उघडून एक डायरी काढली. त्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पलीकडच्या खोलीतल्या मशीनवर स्वतःचं रक्त तपासत. या महिन्याच्या पानावर लिहिलं होतं, बारा पूर्णांक आठ.

"आता तुझं कर."

तिनं केलं. आठ.

"हात तोच, नळी तीच, आम्ल त्याच बाटलीतलं," काकू म्हणाल्या. "मग बदललं काय?"

चार महिने पुस्तक पाठ केलेल्या मुलीला हे उत्तर द्यायला चांगला मिनिटभर लागला. "बोट," ती म्हणाली.

"कळलं एकदाचं! जमत नाही म्हणे! बाई, तू दर वेळी बरोबर आकडा काढलास आणि दर वेळी स्वतःलाच खोटं ठरवलंस. आकडा चुकला नव्हता, रक्तच कमी होतं. तुझ्या जागी बाहेरचा पेशंट असता तर कधीच ओरडली असतीस, डॉक्टरकडं पळा म्हणून."

खात्रीसाठी काकूंनी तिचं रक्त पलीकडच्या मशीनवरही तपासलं. मशीननं सात पूर्णांक नऊ सांगितलं. पैलवान आधी हसली, मग रडली, आणि मग तिला असा राग आला की कान लाल झाले. मॅडमचा आला, बडबडीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. आजाराच्या बातमीनं कुणाचा जीव भांड्यात पडल्याचं तुम्ही ऐकलं नसेल, पण तिचा पडला. हात शाबूत होता. आता फक्त त्या हाताच्या मालकिणीला उभं करायचं होतं.

"मी सही करणार नाही," काकूंनी अर्ज परत केला. "परीक्षेला दोन महिने आहेत. आधी माणसात ये. मग जायचं तर खुशाल जा."

कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चहाचा हिशोब ऐकून कपाळाला हात लावला. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तास-दोन तास चहा बंद. तो लोह अंगी लागू देत नाही. अंडी, पालेभाज्या, डाळी पोटभर. रोज अर्धा तास चालायचं, पण दम लागेल इतकं नाही. आणि बुधवारी त्याच दवाखान्यात समुपदेशक बसतात, त्यांना भेटायचं. हे शेवटचं पैलवानाला झेपेना. "मला वेड थोडंच लागलंय?" तिनं विचारलं. "चार महिने नळ सोडून रडणाऱ्या माणसाला मी नुसती गोळी देऊन पाठवू का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती गेली. पहिल्या बुधवारी पाऊण तास नुसती खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या बुधवारी बोलायला लागली ती थांबेचना.

सगळ्यांत जड गेला तो घरचा फोन. आई शिवणकाम करायची. पैलवानानं यावेळी खरं सांगितलं, सगळं. पलीकडं चालू असलेलं शिलाई मशीन थांबलं.

"मागच्या सुट्टीत तुझ्या पँटची कंबर दोन इंच आत घेतली मी," आई म्हणाली. "स्वतःच्या हातानं घेतली. तेव्हाच विचारायला हवं होतं गं."

"मी खोटंच सांगितलं असतं, आई."

"आता नाही ना सांगणार?"

"नाही."

हे सगळं सरळसोट झालं असं समजू नका. गोळ्यांनी पोट बिघडलं. चहा सोडल्यावर डोकं असं ठणकायचं की तिसऱ्या दिवशी ती कँटीनच्या दारापर्यंत जाऊन परत आली. पाचव्या आठवड्यात एकदा सगळं फोल वाटलं आणि ती दिवसभर अंथरुणातून उठली नाही. संध्याकाळी मात्र उठली, तोंड धुतलं, जेवली आणि गोळी घेतली. साडेदहाला दिवा बंद, हा नियम तिनं परीक्षेच्या आठवड्यातही मोडला नाही. खोलीतल्या मुली म्हणाल्या, पैलवान खरंच आखाड्यात उतरली. महिन्याभरानं जिन्याच्या वळणावर तिला थांबावं लागेना.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते, इस्त्री केल्यासारखा चेहरा असलेले. प्रत्येकीला स्वतःच्या बोटाची टेस्ट. मार्क तीस, आणि हे तीस गेले की वर्ष गेलं. पैलवानानं टोचलं, थांबली, पाणी घातलं. रंग साडेदहाला जुळला. तिनं साडेदहा लिहिलं.

"नॉर्मल किती असतं माहीत आहे ना?" परीक्षकांनी विचारलं.

"बारा ते पंधरा, सर."

"मग पुन्हा करा."

मागं मॅडम उभ्या होत्या. शेजारून बडबडीनं पाण्याची बाटली हळूच इकडं सरकवली. दीड आकड्याचं पाणी, इतकंच अंतर होतं. पैलवानानं बाटली बाजूला केली.

"दहा वेळा करते, सर, पण साडेदहाच येईल. टेस्ट बरोबर आहे. मी आजारी होते. दोन महिन्यांपूर्वी आठ होतं, आता साडेदहा आहे. बारा होईल तेव्हा बारा लिहीन."

परीक्षकांनी नळी उचलली, खिडकीशी नेली आणि नमुन्याच्या काचेशेजारी धरून बराच वेळ पाहिली. परत येऊन तिच्या नावापुढं सत्तावीस लिहिले. मग शेजारच्या टेबलावरची बडबडीची नळी उजेडात धरली. वहीत तेरा होतं.

"हे रक्त आहे की सरबत?" त्यांनी विचारलं आणि सगळ्या वर्गाकडं वळले. "सगळ्यांनी पुन्हा करा. मी इथंच उभा आहे."

एकेकीचं धाबं दणाणलं. खोलीभर नळ्या धुतल्याचा आवाज झाला. बडबडीनं पुन्हा बोट टोचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रंगाकडं बघत, थेंब मोजत पाणी घातलं. रंग नऊवर जुळला. तिनं नळी हलवली, परत पाहिलं. नऊच. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द येईना.

"हात बरोबर आहे तुझा," पैलवान हळू आवाजात म्हणाली. "उद्या आठला नाश्त्याला ये. मी जागा धरून ठेवते."