अडकलेला चेहरा

शाळेमागच्या टेकाडावर टॉवर उभा राहून वर्ष उलटलं होतं, पण तो नुसताच उभा होता. त्याच्यावर कावळे बसायचे आणि त्याच्या सावलीत कुत्री झोपायची. गावातल्या फोनवर आवाज आला की चित्र थिजायचं आणि चित्र हललं की आवाज बसायचा. त्यामुळे सगळं गाव त्या टॉवरकडे डोळे लावून बसलं होतं. एक बाई सोडून.

ती बाई मुख्य रस्त्यावर शिवणाचं दुकान चालवायची. पन्नाशी ओलांडली तरी माहेरच्या माणसांत ती अजून धाकटीच होती, कारण तिच्या डोक्यावर एक थोरली बसलेली होती. थोरली शहरात राहायची. मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली होती, पण ती फक्त शाळेतून; स्वभावातून नाही. शाळा सुटली आणि तिच्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली.

थोरलीचा व्हिडिओ कॉल रोज यायचा, आणि नेमका दुकानात गर्दी असताना यायचा.

"केस का नाही विंचरलेस? तो मागचा रंग कसला गं, दवाखान्यासारखा? भाऊजींचं पोट कमी झालं का? आणि काल त्या बाईला कोट अर्ध्या किमतीत शिवून दिलास म्हणे. तुला ना, लहानपणापासून व्यवहार कळत नाही."

एकदा असंच बोलणं पोटाच्या विषयावर आलेलं असताना नेट खरंच अडकलं. धाकटीला पलीकडचा आवाज येत होता, पण तिचं चित्र तिकडे थिजलं होतं. "अडकली वाटतं," थोरली स्वतःशीच पुटपुटली आणि तिने फोन ठेवून दिला. धाकटी हातातल्या फोनकडे बघतच राहिली. इतकं सोपं?

दुसऱ्या दिवशी नेटने साथ दिली नाही, म्हणजे ते चांगलं चाललं. मग धाकटीनेच मनाचा हिय्या केला आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली. डोळे मोठे, ओठ मिटलेले, शाळेच्या गटफोटोत बसल्यासारखी. थोरली म्हणाली, "अशी काय बघतेस? भूत दिसलं का?"

म्हणजे हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. धाकटीने विचार केला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की चांगल्या चेहऱ्यावर कोणीच अडकत नाही. तिने आरशासमोर सराव केला. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, मान थोडी वाकडी, आणि शब्द मध्येच तुटलेला. मागे जाड पडदा लावला आणि कॉल आला की पंखा बंद करायची सवय लावून घेतली. आठवडाभरात ती इतकी तयार झाली, की कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने घाबरून तिच्या तोंडावर पाणी मारलं.

आता अशा बाईला वेगवान नेट हवंय कशाला?

पण ते येणार होतं, आणि तेही तिच्याच घरातून. तिचा नवरा वायरमन. टॉवरवर यंत्रं बसवून कंपनीची माणसं निघून गेली, आणि मीटरपासून वरपर्यंत केबल टाकायचं काम त्याच्याकडे आलं. तो खुशीत होता. त्याला फोनवर बुद्धिबळ खेळायचा नाद होता आणि दर डावात नेट जाऊन तो हरायचा. निदान तो तरी तसंच सांगायचा.

"उद्या सकाळीच हात घालतो कामाला," तो म्हणाला.

"घाला की," धाकटी म्हणाली. "पण आधी इस्त्रीचा प्लग तेवढा बघा."

त्याने प्लग उघडून बघितला. "अगं, चांगला तर आहे."

"चांगला आहे म्हणूनच म्हणते, बिघडायच्या आत बघून ठेवा."

प्लगनंतर मशीनची मोटर झाली. मोटर गुणगुणते म्हणून ती उघडली, आणि जोडल्यावर ती खरंच गुणगुणायला लागली, म्हणून पुन्हा उघडली. मग ट्रायल रूममधला दिवा फार पिवळा वाटायला लागला. मग माळ्यावरची जुनी वायर. वायरमन सरळ माणूस. बायको इतकी काळजी करते याचं त्याला कौतुकच वाटत होतं.

शेजारचा औषधवाला मात्र घायकुतीला आला होता. औषधांची मागणी पाठवायला तो दिवसभर फोन डोक्यावर धरून रस्त्यात फिरायचा, म्हणून गावाने त्याचं नाव अँटेना ठेवलं होतं. तो रोज दुकानाच्या दारात यायचा.

"वहिनी, वायरमन आहेत का? काम कुठवर आलं?"

"काय सांगू भाऊजी," धाकटी सुईत दोरा ओवत सुस्कारा सोडायची. "माणूस मरमर काम करतोय. पण काम संपतच नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. पण एक दिवस अँटेना आत आला तेव्हा वायरमन दाराची घंटा दुरुस्त करत बसला होता. ती घंटा त्या घरात कोणी कधी वाजवलेली नव्हती. अँटेनाने घंटेकडे बघितलं, वायरमनकडे बघितलं, आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं. दुसऱ्या हाताने शिडी उचलली. दोघं टेकाडाकडे निघाले तेव्हा धाकटीने मागून हाक मारली, "अहो, फ्रिजचा आवाज…" पण कोणी मागे वळून बघितलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी गावातले सगळे फोन एकदम टुणटुणायला लागले. अडकून पडलेले निरोप, फोटो, वाढदिवसाच्या शिळ्या शुभेच्छा, सगळं धो धो कोसळलं. अँटेना रस्त्याच्या मधोमध फोन छातीशी धरून उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बसून! खुर्चीत बसून मागणी पाठवली!"

तेवढ्यात थोरलीचा कॉल आला.

चित्र असं स्वच्छ, की थोरलीच्या चष्म्यावरचा बोटाचा ठसासुद्धा दिसत होता.

"अगं बाई, किती स्पष्ट दिसतेस!" थोरली म्हणाली. "आणि किती वाळलीस! जेवतेस का नाही? थांब, मी तुला आता नीट वेळापत्रकच…"

वेळापत्रक म्हटल्याबरोबर धाकटीच्या अंगातली सवय जागी झाली. "हो ताई, मी पण तेच म्ह…" आणि ती थिजली. तोंड उघडं, एक डोळा अर्धा.

थोरलीने फोन ठेवला नाही. ती बघत राहिली.

नेमका तेव्हाच मागचा पडदा सरकवून वायरमन आत आला. खांद्यावर शिडी, हातात अर्धी बिस्किटं, तोंडात उरलेली अर्धी. बायको तशी बसलेली दिसली आणि त्याला कळलं, कॉल चालू आहे. नवराधर्म म्हणून तोही आहे तिथेच थिजला. एक पाय पुढे, एक मागे, गाल फुगलेला. शिडी मात्र त्याच्या खांद्यावर मागेपुढे, मागेपुढे डुलत होती.



"भाऊजी," थोरली शांतपणे म्हणाली, "शिडी खाली ठेवा. खांदा भरून येईल."

वायरमनने शिडी खाली ठेवली. धाकटीला आधी हुंदका आल्यासारखं झालं, मग ते हसू आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि मग ते काही केल्या आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थोरली हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर तिचा कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. धाकटीने पहिल्या दिवशी दोन कोट शिवून हातावेगळे केले आणि गाणंही गुणगुणलं. दुसऱ्या दिवशी एकच बाही दोनदा उसवली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "नेट गेलंय का हो?"

"एकदम झकास चाललंय," तो बुद्धिबळातून मान वर न करता म्हणाला. तो अजूनही हरतच होता, फक्त आता लवकर हरत होता.

शेवटी धाकटीने स्वतःच कॉल लावला. थोरलीने उचलला. पण बोलेना. बघते तर काय, थोरली थिजलेली. तोंड उघडं, एक डोळा अर्धा. नक्कल बरी होती, पण कानातलं डूल हलत होतं.

"ताई?"

थोरली हलली नाही.

"अडकली वाटतं," धाकटी मोठ्याने म्हणाली. मग जरा विचार केला. थोरलीने महिन्यापूर्वी एक निळं रेशमी कापड पाठवलं होतं, समारंभासाठी ड्रेस शिवायला. घेताना तिने शहरातली सगळी दुकानं पालथी घातली होती. कापड कपाटात जसंच्या तसं होतं.

"ऐकू जात नाही तर सांगूनच टाकते," धाकटी म्हणाली. "तुझं ते निळं रेशीम गं, ड्रेसला कमी पडलं. म्हणून मी त्याचे उशांचे अभ्रे शिवले. छान झालेत. हे त्याच्यावरच घोरतात."

"काय?" थोरलीचा अर्धा मिटलेला डोळा खाडकन उघडला. "अभ्रे? माझ्या रेशमाचे? अगं तुझ्या हाताला काही…"

"आलं, नेट आलं!" धाकटी टाळ्या पिटत म्हणाली.

थोरली आधी धुमसली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि मग मुख्याध्यापिकाबाई इतक्या हसल्या, की फोन त्यांच्या हातातून पडून छत दिसायला लागलं.

"मी येतेच तिकडे," छतातून आवाज आला. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही." इतकी वर्षं ती यायचं टाळत होती, कारण धड नेट नसलेल्या गावात दिवसभर काय भिंतींशी बोलायचं, हा तिचा प्रश्न असायचा. आता ती अडचण उरली नव्हती.

थोरली शनिवारी दोन बॅगा घेऊन आली. धाकटीने रात्रंदिवस मशीन चालवून ड्रेस तयार ठेवला होता. थोरलीने तो घातला, आरशात पुढून बघितला, मागून बघितला, आणि म्हणाली, "बाही बरी आहे." तिच्याकडून एवढं म्हणजे पैकीच्या पैकी.

मग तिने दुकानातल्या खुर्चीवर बैठक मारली आणि शहरातल्या मैत्रिणींना एकेक करून कॉल लावायला सुरुवात केली. "बघ, माझ्या बहिणीने शिवलाय. शिलाई बघ. जवळून बघ." दोन दिवसांत सात मैत्रिणींची कामं ठरली. थोरली फोनवरून त्यांना मापाची टेप कुठे धरायची ते शिकवायची आणि पोट आत ओढलं की दटावायची. धाकटीची पंचाईत अशी झाली, की आधी व्हिडिओवर एकच बाई तिला सूचना करायची, आता आठ करायला लागल्या.

एका दुपारी त्यातली एक फोनच्या पडद्यावरून म्हणाली, "गळा वाकडा वाटतोय गं. तुझ्या बहिणीला जरा लक्ष देऊन कापायला सांग."

धाकटी काही बोलायच्या आत थोरलीने फोन तोंडाजवळ ओढला.

"हे बघ, तुझी मान वाकडी आहे. आणि माझ्या बहिणीला बोलायचं काम माझं आहे. ते मी तुला दिलेलं नाही."

तिने कॉल कापला, फोन पालथा घातला आणि धाकटीकडे वळली.

"गळा वाकडाच आहे," ती म्हणाली. "उसव."

धाकटीने कात्री घेतली आणि मुकाट्याने उसवायला बसली.