बाराच्या ठोक्याला

शहराच्या वीज नियंत्रण कक्षातल्या इंजिनिअर बाईंना एकच दुखणं होतं. भरदुपारी सौरऊर्जेची वीज उतू जायची, पण घ्यायला गिऱ्हाईक नसायचं. आणि सूर्य मावळला रे मावळला, की कामावरून परतलेली मंडळी एकजात गाड्या चार्जिंगला लावायची. शेवटी बाईंनी सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप धाडला, 'उद्यापासून गाडी दुपारी बाराला चार्ज करा. वीज निम्म्या दरात.'

"कोण ऐकतंय!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई चहाचा कप घेऊन ऐटीत पडद्यासमोर बसल्या. बाराच्या ठोक्याला मागणीची रेघ अशी उसळली, की चहा साडीवर सांडला. अख्ख्या शहरानं एकदम प्लग खोचले होते! पाठोपाठ निम्म्या शहराची वीज गेली.

फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, तुझा निरोप वाचून मी अकरापासून प्लग हातात धरून उभी होते. लावला आणि घरातले पंखे बंद! काय बिघडवलं मी?"

"तुम्ही एकट्यांनी नाही हो आई, सगळ्यांनी मिळून."

"मग सगळ्यांना एकच वेळ कशाला दिलीस? घरात न्हाणीघर एक, माणसं सात. सगळ्यांना एकदम आंघोळीला धाडते का मी?"

बाईंनी जीभ चावली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीवार वेळापत्रक काढलं.

तासाभरात पुन्हा फोन.

"आमच्या गल्लीला दोनची वेळ? तेव्हा मी झोपते."

बाईंनी मुकाट्यानं त्या गल्लीची वेळ बदलली.