खंडेनवमीची सुट्टी

मोहनरावांना यंत्रांचं भारी कौतुक, पण ते पूजेपुरतं. निमगाव केतकीजवळच्या त्यांच्या वस्तीवर खंडेनवमी आली की ट्रॅक्टरपासून खुरप्यापर्यंत सगळं धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून मांडायचं आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस निजू द्या, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. ऐकणाऱ्याला घाई असली तरी ऐकावं लागायचं.

यंदा घरात एक नवं यंत्र आलं होतं. सून माधवी बारामतीला आयटीआयमध्ये वायरिंग शिकलेली. तिनं पडवीत रंगीत माशांच्या टाक्या मांडल्या होत्या. मोहनराव माळकरी, पण हे मासे खायचे नाहीत, काचेत ठेवून बघायचे, एवढी खात्री करून घेतल्यावर त्यांनी होकार दिला. टाक्यांत हवा सोडणारे छोटे पंप बारा व्होल्टवर चालायचे. त्यासाठी माधवीनं पॉवर सप्लायची पेटी स्वतः भिंतीवर बसवली, खाली फळीवर बॅटरी ठेवली. लाइट असली की पेटी पंप चालवायची आणि बॅटरीही भरायची; लाइट गेली की बॅटरी पंप सांभाळायची. फ्यूज टाकला, अर्थिंग दिलं, पेटीला हवा लागते तेव्हा तिच्यापुढं पोतं ठेवू नका म्हणून सगळ्यांना बजावलं. पेटीवरच्या बटणाबद्दल मात्र ती काही बोलली नाही. चालू बटण कोण कशाला बंद करील?

खंडेनवमीला सकाळीच ती बारामतीच्या दुकानात मासे द्यायला गेली. मोहनरावांनी पेटीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले आणि बटण बंद केलं. पंप थांबतील म्हणून ते जरा दबकत टाकीत डोकावले, तर बुडबुडे होते तसेच! पेटीला सुट्टी आणि माशांना हवा, दोन्ही साधलं. स्वारी खुशीत जेवायला गेली.

दिवेलागणीला ते परत पडवीत आले तेव्हा बुडबुडे थांबले होते. बहुतेक मासे पाण्यावर आडवे तरंगत होते, केशरी, काळे, शेपट्या पसरलेले. पेटी दिवसभर झोपली होती आणि बॅटरी एकटी राबून राबून संपली होती, हे कळायला आयटीआयला जावं लागत नव्हतं. त्यांनी घाईनं बटण दाबलं. पंप घुरघुरू लागले. मग या माणसानं पेटीवरचं फूल उचललं आणि उपरण्याच्या टोकानं कुंकू पुसलं. मासे गेले ही चूक म्हणता येईल. कुंकू पुसलं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माधवी आली ती पिशवी हातातच धरून टाक्यांपुढं उभी राहिली. मग तिनं बॅटरीला मीटर लावला.

"पार उतरलीय. आबा, आज लाइट गेली हुती का?"

"व्हय," मोहनराव म्हणाले. "लई येळ गेली हुती."

वस्तीवरच्या मोटारी, कुट्टी यंत्र, सगळं पूजेला बसलेलं, टीव्हीपुढंही कोणी नव्हतं. लाइट होती हे कळणार कुणाला, खोटं म्हणणार कोण?

"मंग माझाच हिशोब चुकला," ती म्हणाली. "बॅटरी मोठी घ्यायला पायजे हुती."

तिथंच खरं बोलायचं होतं. माधवी मेलेले मासे चाळणीनं काढत राहिली आणि मोहनराव वैरण टाकायच्या निमित्तानं गोठ्यात गेले. वैरण आधीच टाकलेली होती.

त्यानंतर मोहनरावांना जेवण गोड लागेना. माधवीनं पेटी उघडून एकेक जोड तपासला, आणि दोष सापडला नाही तेव्हा तो स्वतःत आहे असं धरून हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली. शेजारच्या भागूबाईंच्या कोंबड्यांच्या शेडला ती असंच बॅटरीचं काम करून देणार होती. भागूबाई विचारायला आल्या तर म्हणाली, "इंदापुरातनं कुणाला तरी बोलवा, काकू. मला न्हाय जमायचं. माझ्या हातनं तुमच्या कोंबड्या नगं मराया."

ओसरीवर बसलेल्या मोहनरावांना हे ऐकवेना. ते उठले.

"तिचं काय बी चुकलं न्हाय. मीच बटण बंद केलं हुतं, खंडेनवमी म्हणून. लाइट गेलीच न्हवती."

भागूबाईंचे डोळे भरून आले. "बघ माधवी, सुनेसाठी खोटं अंगावर घेतंय माणूस! असा सासरा शोधून मिळायचा न्हाय."

माधवीही गहिवरली. "आबा, माझ्यापायी कशाला असं बोलता?" म्हणत ती पाया पडायला वाकली.

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मोहनरावांनी पाय मागं घेतले, दोघींना पडवीत नेलं आणि त्यांच्यादेखत पेटीचं बटण बंद केलं. उरलेल्या चार माशांच्या टाकीत बुडबुडे येतच राहिले.

"हे असं. मला वाटलं, चाललंय की. सांजच्याला बघितलं तर समदं गार. मंग बटण दाबलं आन् कुंकू पुसलं."

माधवी बुडबुड्यांकडं बघत राहिली. भागूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पूजेचं काय न्हाय, आबा," माधवी हळू म्हणाली. "तुमाला ठावं न्हवतं. पर मी इचारलं तवा लाइट गेली म्हणालात. मी तुमचं खरं धरलं, आन् माझं शिक्षाण खोटं."



तिनं बटण चालू केलं, माळ्यावरची पिशवी काढली. मग धक्का बसू नये म्हणून बोर्डावरचा मेन स्विच पाडला. पंप बॅटरीवर चालत राहिले. एका रिकाम्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण तिनं बटणावर बसेल असं कापलं, लहान पोरांचा हात पोचू नये म्हणून बसवतात तसं.

"धरा," म्हणून तिनं स्क्रू सासऱ्याच्या तळहातावर ठेवले.

भागूबाई बघत होत्या. माधवी हात पुढं करी, मोहनराव एकेक स्क्रू देत. शेवटचा आवळून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.