सज्जातल्या चादरी

समितीची नोटीस घेऊन शिपाई न येता खुद्द भाऊजीच आले, तेव्हाच वहिनींनी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

ते गाव होतंच जपून ठेवलेलं. दगडी रस्ते, एकाच रंगाची दारं, जुन्या घडणीचे दिवे. ते बघायला लांबून लोक येत आणि त्यातले काही वहिनींच्या दोनशे वर्षांच्या घरात उतरत. चार खोल्या, सकाळची न्याहारी आणि दारावर जतन समितीची पितळी पाटी: ‘ऐतिहासिक निवास’. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं वहिनी हा व्याप एकट्याने ओढत होत्या. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, दोन गल्ल्या सोडून राहणारे. जमिनीची मोजणी करण्यात नोकरीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते समितीचे चिटणीस झाले.

“सज्जातली दोरी काढावी लागेल, वहिनी,” ते उभ्या उभ्याच म्हणाले. “रस्त्यावरून वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत, असा ठराव झालाय. लोकांचे फोटो बिघडतात.”

“समितीत कपडे धुणारं कोण आहे?”

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. “मागच्या अंगणात वाळवा ना.”

“मागे ऊन कुठाय? तीन मजली हॉटेल उठवायला तुम्हीच परवानगी दिलीत. पुढून जुना दगड चिकटवला की मागचं ऊन गिळायला मोकळे.”

“पंधरा दिवसांची मुदत आहे. नाहीतर पाटी काढून घेतील. मला वाईटपणा देऊ नका.”

वहिनी काही उठल्यासुटल्या भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. पडतं घेऊन बघू, म्हणून त्यांनी दोरी सोडली. चादरी जिन्याच्या कठड्यावर आल्या, उशांचे अभ्रे खुर्च्यांच्या पाठींवर, टॉवेल कपाटांच्या दारांवर. घरात पाहुण्यांपेक्षा ओल्या कपड्यांचीच वस्ती जास्त झाली. चौथ्या दिवशी दोन नंबरच्या खोलीतल्या बाई न्याहारीला आल्या. संगीत शिकवायच्या त्या, मऊ बोलायच्या. लोण्याची बशी पुढे सरकवत म्हणाल्या, “रागावू नका हं, पण उशीला जरा कुबट वास येतोय.”

वहिनींची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत हे कोणी ऐकवलं नव्हतं. वर जाऊन त्यांनी चारही खोल्यांतल्या उशांना नाक लावलं. बाईंनी ‘जरा’ म्हटलं, तो त्यांचा चांगुलपणा.

त्या दिवशी वहिनींनी आठच्या आठ चादरी उकळत्या पाण्यात घातल्या, पुन्हा धुतल्या, पिळल्या आणि सज्जात नेल्या. पूर्वी दोरी एक होती, आता त्यांनी दोन बांधल्या.

अकराच्या सुमाराला समितीची माणसं बाहेरचे पाहुणे घेऊन गल्लीत शिरली. माहिती सांगणारा हात वर करून म्हणत होता, “दोनशे वर्षांपूर्वीचं जीवन इथे जसंच्या तसं बघायला मिळतं.”

“मग बघा की,” वरून आवाज आला. वहिनी दोन चादरींमधून डोकावत होत्या. “तेव्हाची माणसं काय मळक्या अंथरुणात झोपत होती?”

पाहुणे हसले. एकाने फोटोही काढला. भाऊजी मात्र धापा टाकत जिना चढून वर आले.

“चारचौघांत माझं नाक कापलंत.”

“नाक शाबूत असतं तर परवा दोरी सुटली का बघायला आलात, तेव्हाच खालच्या खोलीत तुम्हाला वास आला असता.”

“मला पाटी काढावी लागेल, वहिनी.”

“काढा.” वहिनींनी खाली येऊन खणातून पेचकस शोधून दिला. वरचा स्क्रू गंजून बसला होता, त्यावर त्यांनीच तेलाचे दोन थेंब सोडले आणि भाऊजी चढले ते स्टूलही धरलं. पाटी निघाली. भाऊजी ती काखेत मारून गेले. जाताना ‘येतो’ म्हणाले नाहीत, ते वहिनींना पाटीपेक्षा जास्त लागलं.

समितीच्या माहितीपत्रकातून घराचं नाव गेलं आणि त्या हंगामात दोन खोल्यांना कुलूप राहिलं. भाऊजींची बायको समजवायला आली. “ताई, एक पाऊल मागे घेतलं तर काय बिघडतं?”

“मागे जागा कुठाय गं? मागे हॉटेल आहे.”

मग दुसरी नोटीस आली: कपडे तात्काळ उतरवावेत. वहिनींनी तिच्याखालीच उत्तर लिहून पाठवलं, ‘वाळले की उतरवते. रोज उतरवतेच.’ त्यावर समितीने त्यांना बैठकीलाच बोलावलं.

लांब टेबलाभोवती सात पुरुष बसले होते. वहिनींनी पिशवीतून घरात वाळवलेला एक अभ्रा काढला आणि अध्यक्षांपुढे ठेवला. “याच्यावर आजची रात्र डोकं ठेवून झोपा. सकाळी दोरी सोडते.”

अध्यक्षांनी तो बोटाच्या चिमटीत उचलला, हुंगला आणि शेजाऱ्याकडे सरकवला. शेजाऱ्याने पुढच्याकडे. फिरत फिरत अभ्रा भाऊजींपाशी थांबला. त्यांनी तो नीट घडी करून मिटल्या वहीवर ठेवला आणि मान खाली घातली. वहिनी उठल्या. “माझ्या घराची भिंत जपा, छप्पर जपा, मी हात लावणार नाही. पण आत येणारं माणूस कोरड्या चादरीवर झोपेल. हे मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय.”

ठराव काही रद्द झाला नाही, तो अजून वहीत आहे. पण तिसरी नोटीसही आली नाही. पुढच्या महिन्यात संगीताच्या बाई आपल्या दोघी बहिणींना घेऊन आल्या आणि समोरच्या शिंप्याच्या खिडकीत एका सकाळी एक ओला सदरा दिसला.

भाऊजी मात्र घरी येईनात. समितीत जायचा त्यांचा रस्ता सज्जाखालूनच होता. वहिनी रोज वरून म्हणत, “भाऊजी, चहा टाकलाय,” आणि ते रोज न ऐकल्यासारखं करून पुढे जात. असे पाच महिने गेले. मग एका सकाळी ते थांबले.

“चादर जरा आत ओढा,” वर न बघताच ते म्हणाले. “टोपीवर पाणी ठिबकतंय.”

“बाजूने चाला की,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी चादर झटकली.