नळाजवळचा आघाडा

सकाळी सात वाजता सरोज हरकरे खुरपं घेऊन खालच्या बागेत उतरली आणि नळाजवळचं तण उपटू लागली. महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायच्या होत्या.

कमलनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं आणि गॅस बंद केला. सरोज तिची धाकटी जाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं मातीला हात लावलेला कमलच्या पाहण्यात नव्हता. तुळशीला पाणीसुद्धा ती पाइपनं, चार हात लांबून घालायची. भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीतल्या या घराचा वरचा मजला सरोज आणि दिगंबरचा, खालचा मजला आणि बाग कमलची. वाटणी तोंडी होती, पण पक्की होती.

बागेत कमल तणाची काडी ठेवत नसे. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटायची, लव्हाळा गाठीसकट खणून काढायची. फक्त नळाजवळचा कोपरा ती आषाढापासून मोकळा सोडायची. तिथे केना पसरायचा, दूर्वा माजायच्या आणि आघाडा कमरेपर्यंत यायचा. बाहेरच्याला तो गलथानपणा वाटे. हरकऱ्यांच्या घरात महालक्ष्म्यांना विकतची पत्री चालत नव्हती. आघाडा आपल्याच जमिनीतला, आपसूक उगवलेला हवा. तो मुळासकट उपटून ओल्या फडक्यात ठेवायचा, आणि जिनं उपटला तिनंच ज्येष्ठा-कनिष्ठेला मुखवटे चढवायचे. सासरे सरकारी कचेरीबरोबर नागपूर सोडून भोपाळला आले, तुलसी नगरच्या क्वार्टरात राहिले, तेव्हाही या रीतीत खंड पडला नव्हता.

सासऱ्यांच्या पश्चात आघाडा उपटत आली होती ती कमल. गेल्या वर्षी घरात सण झाला नाही, कारण तिचा नवरा मनोहर जाऊन वर्ष पुरं व्हायचं होतं. यंदाचा हा पहिलाच. यंदा कोण, हे कुणी बोललं नव्हतं. बोलण्यासारखं काही नाही, असं कमल धरून चालली होती.

ती बाहेर आली. सरोजच्या डाव्या हाताला केन्याचा आणि गवताचा ढीग होता. उजव्या हाताला ओला पंचा अंथरलेला होता. त्यावर आघाडा, मुळं एका बाजूला करून.

"आज बागेची हौस आली?" कमल म्हणाली.

"डास किती झालेत, वहिनी. डेंग्यू पसरलाय कॉलनीत. म्हटलं, सफाई करावी."

"कर की. डास काय फक्त नळापाशीच बसतात? तिकडे जास्वंदीखाली गाजरगवत आलंय, ते दिसलं नाही तुला."

"दिसेल. सुरुवात तर कुठूनतरी करायची."

"आणि उपटलेलं तण ओल्या पंचात कोण ठेवतं गं? ग्वाल्हेरला ठेवतात?"

सरोजनं खुरपं खाली ठेवलं. वर गॅलरीत दिगंबर ब्रश तोंडात धरून उभा होता. त्यानं तोंडातला फेस गिळला असावा, कारण तो थुंकायलाही आत गेला नाही.

"माझ्या माहेरावर जाऊ नका," सरोज म्हणाली. "सरळ सांगते. यंदा महालक्ष्म्या वर बसतील. मी बसवीन."

"का?"

"का म्हणजे?"

"का म्हणजे का. माझे हात मोडलेत? मला आंबील येत नाही? सोळा भाज्या तू मोजून तरी दाखव, चिरणं राहू दे."

"का ते तुम्हाला माहीत आहे, वहिनी."

"नाही माहीत. तोंडानं बोल. सकाळी सकाळी खुरपं घेऊन आलीस, एवढी हिंमत आहे, तर शब्दही उच्चार."

सरोज उभी राहिली. तिच्या साडीच्या काठाला आघाड्याचं काटेरी बी चिकटलं होतं. ते तिनं झटकलं, गेलं नाही.

"भाऊजी गेले," ती म्हणाली. "सवाष्णीनं बसवायच्या असतात."

"हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मामंजी गेल्यानंतरच्या पहिल्या सणाला तुम्ही सासूबाईंना सांगितलं होतं. सासूबाई पूजेच्या खोलीत चौरंग पुसत होत्या आणि तुम्ही इथे येऊन आघाडा उपटून ओल्या फडक्यात घातलात. हे मला यांनी सांगितलंय. त्यानंतर सासूबाई महालक्ष्म्यांच्या जेवणाला पानावर बसल्या नाहीत कधी. स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायच्या."

कमलनं वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती.

ते खोटं नव्हतं. सासूबाई तेव्हा चौरंग पुसून बाजूला झाल्या होत्या. त्या महिन्यापासून किराणा काय आणायचा हेसुद्धा कुणी त्यांना विचारेनासं झालं, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांची खाट मागच्या खोलीत गेली. तेव्हा कमलला ते सोयीचं वाटलं होतं. आता ती मागची खोली तिला खिडकी नसलेली आठवली. महालक्ष्म्या वर गेल्या की मागच्या खोलीपर्यंतचा रस्ता आपल्यालाही फार लांबचा नाही, एवढं तिला कळत होतं.

गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं सुरू झालं.

कमल वाकली. तिनं आघाड्यासकट पंचा उचलला, दुसऱ्या हातानं ढीग कवटाळला आणि फाटकाकडे निघाली. सरोजनं पंचाचं टोक धरलं. दोघींनी ओढलं, ओला पंचा फाटला नाही, सरोजचा हात सुटला.

"वहिनी, देवीचं आहे ते!"

"तू तर डासांसाठी उपटलंस ना!"

गाडीवाल्यानं गाणं बारीक केलं. "माताजी, गीला हरे डिब्बे में. और ये कपडा?"

"सब गीला है," कमल म्हणाली आणि सगळं आत टाकलं. गाडी वळेपर्यंत ती फाटकात उभी राहिली, कारण सरोज मागून धावत येऊन हात घालील अशी तिची खात्री होती.

सरोज आली नाही. कमल घरात शिरली तेव्हा आतल्या खोलीतलं कपाट उघडं होतं आणि मधल्या फळीवरची पत्र्याची पेटी नव्हती. पितळी मुखवटे त्या पेटीत असत.

ती जिन्यापाशी पोचली. पेटी दिगंबरच्या खांद्यावर होती, तो वरून चौथ्या पायरीवर होता, मागून सरोज चढत होती.

"दिगंबर!"

"भांडण नको म्हणून वर नेतोय, वहिनी," तो न वळता म्हणाला. "उद्या शांतपणे बोलू."

"उद्या संध्याकाळी देवी उभ्या राहतील. तेव्हा बोलणार तू?"

"तुम्ही या ना वर. प्रसादाला या. तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

"आणि आघाडा कुठला वाहणार?"

उत्तर सरोजनं दिलं. "न्यू मार्केटातून आणते."

"विकतचा? हरकऱ्यांच्या घरात?"

"घरचा तुम्ही कचऱ्यात टाकलात. देवीनं विचारलं तर तेच सांगीन."

वरचं जाळीचं दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज खाली ऐकू आला.

कमल बागेत परत आली. कोपरा साफ होता. सरोजनं काम चांगलं केलं होतं, मुळंही सोडली नव्हती. कमलनं गुडघे टेकून नळाभोवतीची जागा पाहिली, मग पाइपाच्या मागची, मग कंपाउंडच्या भिंतीची कड. तुटक्या विटांच्या आड कूलरचा जुना लोखंडी स्टँड टाकलेला होता. त्याच्या पायांमधून आघाड्याचं एक रोप वर आलं होतं, वीतभर, एका बाजूला वाकलेलं. तिथे खुरपं जात नव्हतं. तिनं बोटांनी माती उकरली, नख तुटलं, तरी ती मूळ सैल होईपर्यंत थांबली आणि मग दोन्ही हातांनी ओढलं. मूळ अख्खं आलं. तिनं स्वयंपाकघरातला नॅपकिन भिजवून त्यात रोप ठेवलं आणि जिना चढली.

तिनं जाळीवर थाप मारली. दिगंबर आला. त्यानं नॅपकिनकडे पाहिलं, त्यातून बाहेर आलेल्या मुळाकडे पाहिलं. लहानपणापासून हरकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"आपल्या जमिनीतला आहे," कमल म्हणाली. "मी उपटलाय. उघड."

"अहो, कोण आहे?" आतून सरोज म्हणाली.

दिगंबरनं कडीवर हात ठेवला. मग तो हात तसाच ठेवून आत, सरोजच्या दिशेनं पाहत राहिला.

कमल वरच्या पायरीवर बसली. नॅपकिनचं पाणी तिच्या मांडीवर ठिबकत होतं. आत चिंचेनं पितळ घासल्याचा आवाज येत होता. दुपारी एक वाजेपर्यंत कडी निघालेली नव्हती.