चौतीस वेढे

"कादरभाई, थांबा. नाव चुकलं तुमचं."

शिडीवरच्या कादर पेंटरनं खाली पाहिलं. बसस्टँडवरून पाठीवरच्या बॅगेसकट सरळ इथंच आलेली अश्विनी दुकानासमोर उभी होती. पिवळ्या पाटीवर 'हर्षल', तिच्या धाकट्या भावाचं नाव, लिहून झालं होतं. 'इलेक्ट्रिकल्स'चा रंग अजून ओला होता.

"चुकीन कसं, बेटा? गजूभाऊनं लिहून देलं ना मले," म्हणत कादरनं खिशातून चिठ्ठी काढली. अक्षर बाबांचंच होतं.

देऊळगाव राजात शेतपंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणारी, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देणारी, तीन-चार दुकानं. त्यातलं गजेंद्र मांटेंचं सगळ्यात जुनं आणि आजवर बिनपाटीचं. काम चांगलं असलं की पाटी कशाला, असं म्हणणाऱ्या या माणसानं पाटीचा शब्द आयुष्यात एकदाच दिला होता, आणि तो अश्विनीला. बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळत होतं. तेव्हा बाबाच म्हणाले होते, "कॉम्प्युटरवाले घरोघरी झाले. तू इलेक्ट्रिकल घे. चार वर्सानं दुकानावर पाटी लावू, तुह्या नावाची."

चौथीत असल्यापासून बापाच्या शेजारी बसून तारेचे वेढे मोजणारी पोर ती. तिनं पुण्यावर पाणी सोडलं आणि खामगावला इलेक्ट्रिकलला नाव घातलं. वर्गात साठ जण, त्यात मुली सात. मशीनच्या लॅबमध्ये बाकीचे मागच्या वर्षीच्या फायलीतून रीडिंग उतरवून मोकळे व्हायचे, आणि ही बाई मोटारीला कान लावून उभी. सगळे तिला हसायचे आणि परीक्षा जवळ आली की तिच्याच वहीसाठी रांग लावायचे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही तिनं दुकानातूनच उचलला. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या वामनरावांचं शेत विजेच्या लाइनच्या पार शेवटच्या टोकाला. तिथं चारशे पंधराच्या जागी जेमतेम तीनशे तीस व्होल्ट पोचायचे आणि मोटार जळायची, वर्षात चार वेळा जळाली. दिवाळीच्या सुट्टीत अश्विनीनं गणित मांडलं. तार जाड घेतली, बेचाळीस वेढ्यांचे चौतीस केले आणि मोटार स्वतःच्या हातानं भरली. वामनराव दिवसभर समोरच्या स्टुलावर बसून होते. बारावीला दोनदा गचकलेला हर्षल तेव्हा मागं मोबाइलवर क्रिकेट बघत होता. जाताना वामनराव म्हणाले होते, "इंजिनीअरबाई, तुह्यावर भरोसा हाये मले." त्या दिवसापासून मोटार एकदाही जळाली नव्हती. सोमवारी त्याच प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती, आणि त्या मोटारीचे फोटो काढायला म्हणून ती दोन दिवसांसाठी घरी आली होती.

जेवताना कोणी पाटीचा विषय काढेना. शेवटी तिनंच काढला.

"सोमवारी चिखलीचे पाव्हणे येऊन राह्यले, हर्षलले पाहायले," आई, म्हणजे कोकिळाबाई, भाकरी थापत म्हणाली. "पोरगा काय करते, हे विचारतीनच ना ते. आजकाल पोराले पोरगी भेटणं का सोपं हाये?"

"म्हून माह्या नावाची पाटी त्याले?"

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "तुह्यं लग्न होईन, तू जाशीन. दुकान का संगं नेशीन?"

"हे चार वर्साआधी काऊन नाही सांगतलं?"

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं ओढला. "अन् आयक. वामनरावची मोटार बी हर्षलनंच भरली म्हून सांगतलं हाये आम्ही. कोणी इचारलं त हाव म्हण, बस."

"शंभर खोटं बोलावं, पण एक लग्न जमवावं," आई म्हणाली.

"ताई, नाव माह्यं राहीन, काम तूच कर ना," हर्षल अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाला. "काय फरक पडते?"

त्या बिचाऱ्याला खरंच काही फरक दिसत नव्हता. अश्विनीला राग आला, पण रागाहून जास्त स्वतःची लाज वाटली. चार वर्षं हे सगळं आपण बावळटासारखं खरं मानत आलो! परक्यानं फसवलं असतं तर दारात उभं राहून भांडता आलं असतं. इथं घरच्यांनीच केसानं गळा कापला होता, आणि वर अजून अर्धी भाकर घे म्हणत होते.

जाताना तिनं दुकानाच्या फळीवरची खाकी कव्हराची वही बॅगेत टाकली. कुणाची मोटार, किती वेढे, कुठली तार, सगळं चौथीपासून तिच्याच अक्षरात होतं.

सोमवारी साडेअकराला ती कॉलेजात परीक्षेच्या खोलीबाहेर, खाकी वही शेजारी ठेवून, बाकावर बसली होती. तेवढ्यात बाबांचा फोन आला. आवाज दबका होता.

"बेटा, वही कुठी हाये?"

"माह्यापाशी. आज परीक्षा हाये माह्यी."

"वामनराव आले ना इथी, साडूची मोटार घेऊन. आपल्यासारखीच भरून द्या म्हणते. पाव्हणे बी दुकानातच बसले हायेत. किती वेढे टाकले होते?"

"हर्षलले विचारा."

मग बाबा फक्त "अशू" म्हणाले. 

तिला वामनरावांचा तो स्टूल आठवला. तिच्यावर भरवसा ठेवणारा तो एकच माणूस. त्याच्या साडूची मोटार जळावी, एवढा तिचा राग मोठा नव्हता.

"चौतीस," ती म्हणाली. "एकोणीस गेज. डबल तार."

फोन बंद करायचं बाबांच्या ध्यानात राहिलं नाही. लगेच त्यांचा मोठा, मोकळा आवाज ऐकू आला. "चौतीस वेढे! हर्षल म्हणते, चौतीसच पाह्यजे!"

"डोकं चालते हो पोराचं," कुणीतरी अनोळखी म्हणालं. "वामनराव, तुमची बी यानंच भरली म्हणते?"

अश्विनीनं फोन कानाशी घट्ट दाबला. आता ते बोलतील, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"हाव ना," वामनराव म्हणाले. "माह्या डोळ्यासमोर भरली त्यानं. लाखात एक पोरगा हाये."

मग कपबशा वाजल्या. कुणीतरी हसलं. फोन तिनंही बंद केला नाही, नुसता मांडीवर ठेवला.

खोलीचं दार उघडून शिपाई बाहेर आला आणि यादीवर बोट ठेवून त्यानं पुकारलं, "अश्विनी गजेंद्र मांटे."

ती हलली नाही. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तेच नाव पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं, बापाच्या नावासकट.

"आली," म्हणत तिनं फोन बॅगेत टाकला आणि वही उचलली.